लेसर-कॅमेऱ्याने मोजलेली खोली खरी केव्हा मानावी?

कॅमेरा आणि लेसर वापरून वस्तूची खोली किंवा अंतर मोजणाऱ्या उपकरणांविषयी या महिन्यात चार पत्रे आली आहेत. चौघांनीही उपकरण स्वतः जुळवले आहे आणि चौघांचेही उपकरण आकडा देते. अडचण एवढीच आहे की तो आकडा टेपशी किंवा व्हर्निअरशी जुळत नाही. ही तक्रार कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरणाचा आकडा खऱ्या मापाशी जुळवून घेण्याची (पुस्तकी मराठीत अंशशोधनाची) असल्यामुळे चारही पत्रांना एकाच अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांना त्याचा आधार लागणार आहे.

प्रश्न : भोसरी औद्योगिक वसाहतीत आमचे लहान वर्कशॉप आहे. मिलिंग केलेल्या प्लेटमधील खाचांची खोली तपासण्यासाठी आम्ही लाल रेघ पाडणारा लेसर आणि एक वेबकॅम अशी जोडणी तयार केली आहे. कॅमेरा सरळ खाली पाहतो आणि लेसर ४५ अंशांत तिरका बसवला आहे. चौकडीचा पट छापून कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन केले, तेव्हा सॉफ्टवेअरने फक्त ०.२ पिक्सेल चूक दाखवली. तरीही चित्राच्या मध्यभागी खोली बरी येते, कडेला अर्ध्या मिलिमीटरने चुकते आणि सकाळचे माप दुपारी जुळत नाही. चूक कोठे शोधावी?
— एक वर्कशॉपमालक, भोसरी

उत्तर : आपल्या जोडणीचे गणित सोपे आहे. लेसरचा प्रकाश एका पातळ प्रतलात, पाण्याच्या पडद्यासारखा, तिरका खाली येतो. हे प्रतल प्लेटच्या वरच्या पृष्ठाला एका ठिकाणी छेदते आणि खाचेच्या तळाला थोडे पुढे छेदते, म्हणून वरून पाहिल्यावर खाचेपाशी रेघ तुटून बाजूला सरकलेली दिसते. लेसर आणि कॅमेरा यांच्यातील कोन ४५ अंश असेल तर १ मिमी खोलीला रेघ १ मिमी सरकते. कोन ३० अंश केला तर तेवढ्याच खोलीला ती साधारण ०.५८ मिमीच सरकते. आपला कॅमेरा १२८० पिक्सेलमध्ये समजा १२८ मिमी रुंदीची जागा पाहत असेल, तर एक पिक्सेल म्हणजे ०.१ मिमी. या हिशेबाने कडेची अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे पाच पिक्सेल झाले. नीट पाडलेल्या रेघेचा मध्य पिक्सेलच्या काही दशांशापर्यंत शोधता येतो, त्यामुळे पाच पिक्सेलची चूक रेघ धूसर असल्याने आली असे म्हणता येणार नाही. ती जोडणीच्या गणितातच बसलेली आहे.

आता त्या ०.२ पिक्सेलकडे वळू, कारण बहुतेक जण तेथेच निश्चिंत होतात. आपण वापरलेली पद्धत बहुधा झेंगयू झांग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली असावी. ओपनसीव्ही या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीच असते. एक सपाट पट वेगवेगळ्या कोनांत धरायचा, त्यावरील चौकोनांचे कोपरे चित्रांत शोधायचे आणि त्यांवरून कॅमेऱ्याचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ), चित्राचा प्रकाशीय मध्य आणि भिंगाचे विरूपण काढायचे, अशी ही पद्धत आहे. या सर्व संख्या निश्चित झाल्यावर सॉफ्टवेअर तेच कोपरे गणिताने पुन्हा चित्रावर मांडते आणि प्रत्यक्ष दिसलेल्या कोपऱ्यांपासून ते किती दूर पडले याची सरासरी सांगते. ०.२ पिक्सेल ती हीच. ज्या चित्रांवरून उत्तर काढले त्याच चित्रांवर ते तपासलेले असते; म्हणजे पेपर ज्याने काढला त्यानेच तो सोडवला आणि गुणही त्यानेच दिले. हा आकडा मोठा आला तर काहीतरी नक्की बिघडले आहे असे समजावे, पण तो लहान आला म्हणून माप बरोबर आहे असे मुळीच समजू नये.

याचे एक ठळक उदाहरण देतो. छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय चालू राहिल्यामुळे पट ९७ टक्के आकारात छापला गेला, म्हणजे २५ मिमीचा चौकोन २४.२५ मिमीचा झाला, आणि आपण सॉफ्टवेअरला २५ हाच आकडा दिला असे समजा. सगळी लांबी तीन टक्क्यांनी फुगेल आणि ६ मिमी खोल खाच ६.१९ मिमी दिसेल. तरीही तो ०.२ चा आकडा तसूभरही हलणार नाही, कारण सगळे जगच त्या प्रमाणात मोठे मानले तर चित्रे हुबेहूब तशीच दिसतात. म्हणून छापलेला पट व्हर्निअरने मोजावा, आणि तोही एक चौकोन न मोजता दहा चौकोनांची एकत्र लांबी घेऊन तिला दहाने भागावे. आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी मोजावे, कारण कागद ज्या दिशेने छपाईयंत्रातून सरकतो त्या दिशेचे प्रमाण अनेकदा किंचित वेगळे येते.

पट सपाट असणे तितकेच महत्त्वाचे आहे, आणि हा धडा मी स्वतः किंमत मोजून शिकलो. एका जुलै महिन्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेला पट घेऊन मी दोन दिवस कॅलिब्रेशन करत होतो. आकडे रोज वेगळे येत होते आणि मी दोष भिंगाला देत होतो. शेवटी पटावर पोलादी पट्टी उभी धरून तिच्यामागे बॅटरीचा उजेड पाडला, तेव्हा पट्टीखालून मध्यभागी काहीच दिसेना आणि दोन्ही टोकांना उजेडाची बारीक फट दिसली. पावसाळी हवेने पुठ्ठा फुगून मध्ये दीड मिलिमीटर वर आला होता. तेव्हापासून मी पट काचेवर किंवा पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळणाऱ्या एसीपी शीटवर (अॅल्युमिनियमचे थर असलेल्या ताठ फळीवर) चिकटवतो, आणि वापरण्याआधी पोलादी पट्टी लावून पाहतो.

कडेच्या चुकीचे कारण बहुधा भिंगाचे विरूपण हे आहे. स्वस्त वेबकॅमच्या भिंगातून सरळ रेघ कडेला बाहेरच्या बाजूला फुगलेली दिसते. ही वाकण मध्यापासूनच्या अंतराबरोबर झपाट्याने वाढते. डुआन ब्राउन यांनी १९६६ आणि १९७१ सालच्या लेखांत मांडलेले तिचे गणित आजही सॉफ्टवेअरमध्ये वापरले जाते. मात्र हे गणित चित्राच्या ज्या भागात पटाचे कोपरे दिसले त्या भागापुरतेच विश्वासाचे असते. पट धरताना आपण स्वाभाविकपणे तो चित्राच्या मधोमध धरतो, त्यामुळे कडेचे विरूपण सॉफ्टवेअरने पाहिलेलेच नसते आणि तेथे ते अंदाजाने ताणलेले असते. पुन्हा वीस-पंचवीस चित्रे घ्यावीत, त्यांत निदान आठ चित्रांमध्ये पट चित्राच्या चारही कोपऱ्यांना टेकेल असा धरावा, आणि प्रत्येक वेळी तो ३० ते ४५ अंशांपर्यंत वेगवेगळ्या बाजूंना कलता असावा. पट नेहमी कॅमेऱ्याला समोरासमोर धरला तर नाभीय अंतर आणि पटाचे अंतर ही दोन कारणे गणिताला वेगळी करता येत नाहीत. हे काम सुरू करण्यापूर्वी वेबकॅमचे आपोआप फोकस होणे बंद करावे. फोकस हलला की नाभीय अंतर हलते आणि केलेले सगळे कॅलिब्रेशन त्या क्षणी जुने होते.

येथवर कॅमेऱ्याचे झाले. आपल्या पत्रात लेसरच्या कॅलिब्रेशनचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते खरी उणीव ती आहे. आपण लेसर ४५ अंशांत बसवला असे लिहिता, पण तो ४५ अंश कोनमापकाने पाहिलेला असणार. गणिताला मात्र लेसरचे प्रतल कॅमेऱ्याच्या संदर्भात नेमके कोठे आहे ते हवे असते. ते असे काढावे. पट कॅमेऱ्यासमोर एका स्थितीत घट्ट ठेवून दोन चित्रे घ्यावीत: पहिले दिवा लावून, ज्यात चौकोन स्वच्छ दिसतील, आणि दुसरे दिवा बंद करून, कॅमेऱ्याचे एक्स्पोजर बरेच कमी ठेवून, ज्यात फक्त लाल रेघ दिसेल. पहिल्या चित्रावरून पटाची जागा आणि कल कळतो, दुसऱ्यावरून त्या पटावर रेघ कोठे पडली ते कळते. दोन्ही मिळून अवकाशातील बिंदूंची एक सरळ ओळ मिळते. पट वर-खाली आणि तिरका करत अशा दहा-पंधरा ओळी जमवाव्यात आणि त्या सर्व बिंदूंमधून एक प्रतल बसवावे. सर्व स्थिती जवळपास एकाच उंचीच्या असतील तर या प्रतलाचा कल डळमळीत राहतो, म्हणून आपल्या सर्वांत उंच आणि सर्वांत खोल कामाच्या थोडे पलीकडेपर्यंत पट न्यावा.

यात एक बारीक गोष्ट डोळ्याआड होते. लेसरची रेघ चित्रात पाच-सहा पिक्सेल जाड असते आणि तिचा मध्य उजेडाच्या भारावरून काढतात. रेघ चौकडीतील काळ्या आणि पांढऱ्या चौकोनांच्या सीमेवर पडली की पांढऱ्या बाजूचा उजेड अधिक परत येतो आणि काढलेला मध्य त्या बाजूला ओढला जातो. यासाठी पट छापतानाच मध्ये किंवा खाली एक कोरी पट्टी ठेवावी आणि रेघ तिच्यावरच पाडावी. एक्स्पोजर इतके कमी असावे की रेघेचा गाभा पूर्ण पांढरा पडणार नाही, कारण गाभा सपाट कापला गेला की मध्य शोधण्यासाठी काही उरतच नाही. मिलिंग केलेल्या चकचकीत पृष्ठावर हत्याराच्या ओरखड्यांमुळे रेघेच्या शेजारी खोट्या रेघा उमटतात. तेथे लेसर ओरखड्यांना आडवा पाडून पाहावा आणि तरीही त्रास राहिला तर डेव्हलपर स्प्रेचा पातळ पांढरा थर देऊन माप घ्यावे. चकचकीत प्लेटवरून उलटणारा लेसर डोळ्यांत जाणार नाही अशी आडोशाची व्यवस्था मात्र आधी करावी.

सकाळ-दुपारचा फरक तापमानाचा असावा. अॅल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर लांबते, म्हणजे कॅमेरा आणि लेसर यांना जोडणारी २०० मिमीची पट्टी १५ अंशांच्या वाढीने जेमतेम ०.०७ मिमी लांबेल. एवढ्याने आपली तक्रार पुरी होत नाही; खरा उपद्रव वाकण्याचा असतो. लेसर धरणारा १०० मिमी लांबीचा ब्रॅकेट एका टोकाला ०.१ मिमीने वाकला, तर लेसर एक मिलिरेडियन (सुमारे ०.०६ अंश) वळतो आणि ३०० मिमीवर रेघ निदान ०.३ मिमी सरकते. थ्री-डी प्रिंटरवर काढलेला प्लॅस्टिकचा ब्रॅकेट असेल तर तो बदलून जाड अॅल्युमिनियमचा करावा, लेसर चालू करून पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावा आणि मगच काम सुरू करावे. त्याहून चांगला उपाय मोजण्याच्या रीतीत आहे. खाचेची खोली म्हणजे दोन उंचींमधील फरक. म्हणून सकाळी एकदा ‘झीरो सेट’ करून दिवसभर त्याच शून्यापासून मोजण्याऐवजी प्रत्येक चित्रात खाचेच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या पृष्ठावरील रेघ घ्यावी, तिच्यातून सरळ रेषा बसवावी आणि तिच्यापासून तळ किती खाली आहे ते काढावे. लेसर थोडा वळला तरी वरची आणि तळाची रेघ जवळपास सारखीच सरकते आणि फरकातून ते सरकणे बहुतांशी निघून जाते.

हे सर्व झाल्यावर सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या पाटावर, स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) ठेवून तपासणी करावी. १, २, ५ आणि १० मिमीचे गेज चित्राच्या मध्यभागी आणि चारही कडांना ठेवून मोजावेत आणि वीस आकडे वहीत लिहावेत. कॅलिब्रेशनमध्ये ज्याचा काहीच सहभाग नव्हता अशा वस्तूवर घेतलेली ही परीक्षा हाच आपल्या उपकरणाच्या अचूकतेचा खरा आकडा.

ही रीत नवी नाही. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा पोलादी साखळीने जमिनीवर मोजली. साखळी उन्हाने लांबू नये म्हणून ती लाकडी पेट्यांत सावलीखाली ठेवत आणि शेजारी तापमापी ठेवून नोंद करत. तेथून पुढे कोन मोजत त्रिकोणांची साखळी बंगळूरपर्यंत नेल्यावर त्यांनी तेथे आणखी एक आधाररेषा प्रत्यक्ष मोजली आणि त्रिकोणांवरून निघालेल्या लांबीशी ती ताडून पाहिली. फरक काही इंचांचाच निघाला. आपल्या लेसर-कॅमेऱ्याचेही तत्त्व तेच आहे, फक्त त्रिकोण वीतभर लांबीचा आहे, आणि स्लिप गेज ही आपली बंगळूरची आधाररेषा आहे. लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबर तेथेच आहे. वर्ध्याकडे जाणे झाले तर अवश्य पाहावी.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ६ सेंटीमीटर अंतरावर दोन कॅमेरे बसवून अंतर मोजणारी जोडणी केली आहे. कॅलिब्रेशनप्रमाणे नाभीय अंतर ७०० पिक्सेल येते. भिंत १ मीटरवर असताना १.०३ मीटर दाखवते, पण ५ मीटरवर असताना ५.८५ मीटर दाखवते. शंभर चित्रांची सरासरी घेतली तरी आकडा बदलत नाही. कॅमेरे बदलावे लागतील का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : कॅमेरे बदलू नका, आपण दिलेल्या दोन आकड्यांतच उत्तर आहे. दोन कॅमेऱ्यांच्या जोडणीत अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले कॅमेऱ्यांमधील अंतर, भागिले डिस्पॅरिटी, म्हणजे एकच बिंदू दोन चित्रांत किती पिक्सेलने सरकलेला दिसतो तो आकडा. आपल्या बाबतीत ७०० गुणिले ०.०६ म्हणजे ४२. भिंत १ मीटरवर असेल तर डिस्पॅरिटी ४२ पिक्सेल यायला हवी. आपले उपकरण १.०३ मीटर सांगते, म्हणजे त्याला ४०.८ दिसली. भिंत ५ मीटरवर असेल तर ८.४ यायला हवी, ५.८५ मीटर सांगते, म्हणजे ७.२ दिसली. दोन्ही ठिकाणी तूट सारखीच, सुमारे १.२ पिक्सेलची आहे. पटाचा आकार किंवा कॅमेऱ्यांमधील अंतर चुकले असते, तर दोन्ही ठिकाणी टक्केवारीत सारखी चूक आली असती. येथे एका ठिकाणी ३ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी १७ टक्के आहे. तेव्हा प्रमाण बरोबर आहे आणि एक कॅमेरा दुसऱ्याच्या तुलनेत आडवा वळलेला आहे, असा निष्कर्ष निघतो. किती वळलेला? १.२ भागिले ७०० म्हणजे सुमारे ०.१ अंश. कॅलिब्रेशननंतर स्क्रू आवळताना किंवा पेटी उचलून ठेवताना एवढे वळण सहज येते आणि डोळ्यांना ते कधीच दिसत नाही.

सरासरीचा उपयोग का झाला नाही तेही यातून उलगडते. कधी इकडे, कधी तिकडे जाणारी चूक सरासरीने कमी होते. नेहमी एकाच बाजूला ओढणारी चूक हजार चित्रे घेतली तरी जशीच्या तशी राहते.

दोन्ही कॅमेरे अॅल्युमिनियमच्या एकाच जाड पट्टीवर बसवा, स्क्रू आवळल्यानंतरच कॅलिब्रेशन करा, आणि पट नेहमी हाताच्या अंतरावरच धरू नका; मोठा पट घेऊन तो तीन-चार मीटरवरही धरा. नंतर भिंतीपासून १, २, ३, ४, ५ मीटरवर जोडणी ठेवून डिस्पॅरिटी नोंदवा आणि ‘एक भागिले अंतर’ विरुद्ध डिस्पॅरिटी असा आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत आले आणि रेषा शून्यातून गेली तर कॅलिब्रेशन बरोबर; शून्याच्या वर किंवा खाली गेली तर तेवढेच पिक्सेल वळण शिल्लक आहे. टेप कोठून धरायचा हा प्रश्न पडेल, कारण कॅमेऱ्याचा प्रकाशीय मध्य भिंगाच्या आत असतो आणि बाहेरून दिसत नाही. टेप नेहमी पट्टीच्या एकाच खुणेपासून धरा. एक मीटरवर सेंटीमीटरभराचा फरक राहील, पण लांबच्या अंतरांवर त्याने काही बिघडत नाही.

मात्र हे सर्व केल्यानंतरही ५ मीटरवर मिलिमीटरची अपेक्षा ठेवू नये. चित्रे जुळवताना पाव पिक्सेलची चूक धरली, तर १ मीटरवर ती ६ मिमी होते आणि ५ मीटरवर १५ सेंटीमीटर होते, कारण ही चूक अंतराच्या वर्गाने वाढते. कॅमेरे १२ सेंटीमीटरवर बसवले तर ती निम्मी होईल; पण अगदी जवळची वस्तू मग दोन्ही चित्रांत एकदम दिसणार नाही. प्रकल्पाच्या अहवालात हे दोन्ही आकडे वेगळे लिहा. परीक्षकांना कॅलिब्रेशनची चूक आणि जुळणीची चूक यांत फरक करणारी विद्यार्थिनी क्वचितच भेटते.

प्रश्न : आमच्या चमूने फिरणारा लायडार (लेसरने भोवतालची अंतरे मोजणारे उपकरण) आणि कॅमेरा बसवलेली गाडी बनवली आहे. लायडारचे बिंदू चित्रावर टाकले की खांबाचे बिंदू मागच्या भिंतीवर पडतात. गाडी उभी असताना फरक थोडा असतो, वळताना फार वाढतो. लायडार आणि कॅमेरा यांचे कॅलिब्रेशन आम्ही फीतपट्टीने मोजून केले आहे.
— अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नागपूर

उत्तर : आपल्याकडे दोन वेगळ्या चुका एकत्र झाल्या आहेत, त्या वेगळ्या करून सोडवाव्यात.

आधी गाडी उभी ठेवून पाहा. जवळचा खांब आणि लांबचा खांब या दोघांचेही बिंदू चित्रात सारख्याच पिक्सेलने सरकलेले असतील, तर चूक कोनाची आहे. जवळचा जास्त आणि लांबचा कमी सरकला असेल, तर चूक जागेची आहे. ७०० पिक्सेल नाभीय अंतराच्या कॅमेऱ्यात एका अंशाची चूक सर्व अंतरांवर सुमारे १२ पिक्सेल दिसते आणि १० मीटरवर ती साडेसतरा सेंटीमीटर भरते. उलट जागेत २ सेंटीमीटरची चूक १ मीटरवर १४ पिक्सेल आणि १० मीटरवर दीड पिक्सेलच दिसते. फीतपट्टीने जागा बऱ्यापैकी मोजता येते, पण कोन मोजता येत नाही, म्हणून माझा संशय कोनावर आहे.

कोन काढण्यासाठी २००४ साली किलाँग झांग (वर आलेले झांग नव्हेत) आणि रॉबर्ट प्लेस यांनी मांडलेली कल्पना आजही उपयोगी पडते. कॅमेऱ्याला चौकडीच्या पटावरून पटाचे प्रतल कळते. लायडारचे जे बिंदू पटावर पडले ते त्याच प्रतलात असले पाहिजेत. पट पंधरा-वीस स्थितींत, उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली कलता धरायचा, आणि सर्व बिंदू आपापल्या प्रतलावर बसतील असा कोन आणि अशी जागा गणिताने शोधायची. पटाच्या कडेचे बिंदू मात्र टाकून द्यावेत: तेथे किरणाचा अर्धा ठिपका पटावर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडतो, आणि लायडार या दोहोंमधले, हवेतले, कोठेच नसलेले अंतर सांगतो. काही लायडार काळ्या आणि पांढऱ्या पृष्ठाचे अंतरही एक-दोन सेंटीमीटरने वेगळे देतात, त्यामुळे पट पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. तसे दिसले तर लायडारच्या किरणांसाठी पटाखाली एकाच रंगाची, चमक नसलेली पट्टी जोडावी.

वळताना वाढणारी चूक वेळेची आहे. गाडी सेकंदाला ३० अंशांनी वळत असेल आणि चित्राची वेळ ५० मिलिसेकंदांनी मागे-पुढे असेल, तर फरक दीड अंशाचा होतो, म्हणजे १० मीटरवर २६ सेंटीमीटर. बहुतेक साध्या जोडण्यांत चित्र संगणकात पोहोचले तेव्हाची वेळ नोंदली जाते, ते घेतले गेले तेव्हाची नाही. शिवाय लायडार सेकंदाला दहा फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याचा पहिला आणि शेवटचा बिंदू यांत ०.१ सेकंदाचे अंतर असते, आणि तेवढ्यात गाडी ३ अंश वळलेली असते. गाडी जागच्या जागी डावी-उजवी हलवून दोन्ही उपकरणांवरून वळण्याचा वेग काढावा, दोन आलेख एकमेकांवर सरकवून किती मिलिसेकंदांना ते जुळतात ते पाहावे, आणि तो उशीर वजा करावा. फेऱ्यातील प्रत्येक बिंदूला त्याची स्वतःची वेळ द्यावी. हे न करता नुसते कोन बदलत बसलात, तर उजवीकडे वळताना जुळलेले डावीकडे वळताना दुप्पट चुकेल.

प्रश्न : शाळेच्या पाण्याच्या टाकीची पातळी मोजण्यासाठी झाकणाच्या आतून लहान लेसर सेन्सर बसवला आहे. ओल लागू नये म्हणून त्यापुढे काच लावली. तेव्हापासून टाकी रिकामी असली तरी भरलेली दाखवतो आणि कधी कधी काहीच दाखवत नाही.
— एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : हा सेन्सर प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. १ सेंटीमीटरसाठी हा वेळ सुमारे ६७ पिकोसेकंद असतो (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग), तेव्हा त्याला अगदी थोडा परका प्रकाशही फसवू शकतो. काच काही प्रकाश लगेच परत पाठवते आणि सेन्सर तोही जमेस धरतो. लांबचा प्रकाश क्षीण झाला की काचेचा वाटा वरचढ होतो आणि अंतर कमी, म्हणजे टाकी भरलेली दिसते. काच सेन्सरला जवळजवळ टेकवून बसवा, प्रकाश सोडणारे आणि घेणारे छिद्र यांच्यामध्ये काळ्या रबराची पातळ भिंत ठेवा, आणि काच लावलेल्या स्थितीतच दोन कॅलिब्रेशन करा: एक ठरावीक अंतरावर पांढरा कागद ठेवून शून्याची दुरुस्ती, आणि दुसरे लांबवर गडद करडा कागद ठेवून काचेच्या प्रकाशाची वजावट. दोन्हीसाठी लागणाऱ्या आज्ञा सेन्सरच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. कोकणातल्या दमट हवेत काचेवर बाष्प धरले की दुसरी दुरुस्ती निरुपयोगी होते, म्हणून काच दर आठवड्याला पुसावी.

कधी कधी काहीच न दिसण्याचे कारण पाणी हेच आहे. सरळ खाली पडलेल्या प्रकाशापैकी पाण्याच्या पृष्ठावरून सुमारे दोन टक्केच परत येतो, तोही आरशासारखा एकाच दिशेला; पृष्ठ हलले की तो सेन्सरच्या बाजूने निघून जातो. टाकीत एक उभा पीव्हीसी पाइप खालून थोडा उघडा ठेवून बसवा, त्यात पांढऱ्या थर्माकोलची चकती तरंगू द्या आणि सेन्सरचा किरण चकतीवर पाडा. पाइप निदान चार इंची घ्या; अरुंद पाइपच्या भिंतींवर किरण आधी आदळतो आणि चकती कितीही खाली असली तरी आकडा तेथेच अडकतो.